बारा दिवस गाडी वर्कशॉपमध्ये. तोवर शोरूमची गाडी मागायची कशी?

वाचकाचं पत्र: मी जुळे सोलापूरला राहते आणि मोहोळच्या एका शाळेत शिकवते. माझी गाडी पेट्रोलवरची, एएमटी गिअरबॉक्सची, म्हणजे क्लचचं पेडल नाही, गिअर आपोआप बदलतात. अडीच वर्षं झालीत, वॉरंटी अजून चालू आहे. महिनाभर गिअर बदलताना धक्के बसत होते. गेल्या आठवड्यात सावळेश्वर टोलनाक्याजवळ चालत्या गाडीत डिस्प्लेवर आपोआप 'एन' (न्यूट्रल) आलं. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे सरकेना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ॲक्च्युएटर (क्लच-गिअर हलवणारा भाग) बदलावा लागेल, पार्ट बाहेरून येईल, दहा-बारा दिवस धरा. घरी सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तोवर दुसरी गाडी द्या म्हटलं तर ॲडव्हायझर आधी 'बघू मॅडम' म्हणाला. मग फोन आला, 'टेस्ट ड्राइव्हची गाडी देतो, रोजचे आठशे रुपये आणि एक कोरा चेक द्या.' शेजारचे म्हणतात, गाडी मिळणं हा तुमचा हक्कच आहे, एक पैसा देऊ नका. खरं काय? गाडी घ्यावी का?

उत्तर:

ताई, आधी शेजाऱ्यांचा मुद्दा. सर्व्हिसला टाकलेल्या गाडीच्या बदल्यात डीलरने दुसरी गाडी दिलीच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. महागड्या गाड्यांच्या कंपन्या 'कर्टसी कार' देतात. तुमच्या-आमच्या बजेटमधल्या गाड्यांना ती मिळते ती कंपनीच्या धोरणामुळे किंवा सर्व्हिस मॅनेजरच्या मर्जीमुळे. पण हक्क नाही म्हणून मागायचंच नाही, असं मुळीच नाही. वॉरंटीतला बिघाड आहे, गाडी रस्त्यावर बंद पडली आहे आणि उशीर पार्टमुळे होतो आहे. मागायला यापेक्षा भक्कम कारण नसतं.

शेजाऱ्यांचं शेवटचं वाक्य मात्र बरोबर आहे: पैसे देऊ नका. आणि फोनवर जे सांगितलं त्या अटींवर ती गाडी घेऊ नका. कारण आठशे रुपये जास्त होतात हे नाही. अडचण विम्याची आहे.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचं कलम असतं. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. डीलरने तुमच्याकडून रोजचं भाडं घेतलं, पावती फाडली किंवा नुसतं यूपीआयने घेतलं, आणि उद्या लांबोटीजवळ ट्रकने मागून धडक दिली, तर विमा कंपनी पहिलं बोट याच कलमावर ठेवेल. गाडी भाड्यानेच द्यायची तर स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी प्लेट आणि भाडं ही जोडी तुमच्या गळ्यात नको. पेट्रोल तुमचं, गाडी त्यांची, बाकी व्यवहार शून्य, एवढंच मान्य करा.

आता 'टेस्ट ड्राइव्हची गाडी' या शब्दांकडे. ही गाडी दोन प्रकारची असू शकते. एक, डीलरच्या नावावर रीतसर पासिंग झालेली: पांढरी प्लेट (इलेक्ट्रिक असेल तर हिरवी), एमएच १३चा नंबर, आरसी, विमा, पीयूसी सगळं जागेवर. ती चालेल. दुसरी, नोंदणी न झालेली, डीलरला मिळालेल्या ट्रेड सर्टिफिकेटवर फिरणारी: लाल प्लेटवर पांढरी अक्षरं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रेड सर्टिफिकेटवरची गाडी ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते: चाचणी, होणाऱ्या ग्राहकाला दाखवणं, नोंदणीसाठी नेणं, डिलिव्हरी, अशी. तुम्ही ती घेऊन मोहोळला शाळेत जाणं त्यात बसत नाही. लाल प्लेट दिसली की चावी हातात घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

कोऱ्या चेकबद्दल काय सांगायचं? देऊ नका. अनामत मागतातच आहेत तर चेक रक्कम लिहिलेला, डीलरच्या नावाचा, क्रॉस केलेला आणि गाडी देताना होणाऱ्या करारात नमूद केलेला हवा. त्या रकमेचा हिशोबही विचारा. पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी गाडीच्या क्लेममध्ये सक्तीची वजावट (विमा कंपनी देत नाही ती रक्कम) १,००० रुपये असते, त्यावरच्या गाडीला २,०००. शिवाय क्लेम घेतला की डीलरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि चढत ५० पर्यंत जातो. काही जण ते नुकसान ग्राहकाकडून वसूल करायचं कलम घालतात. म्हणून करारात एक वाक्य मागून घ्या: 'नुकसान झाल्यास ग्राहकाची कमाल जबाबदारी इतके रुपये.' ते वाक्य लिहायला तयार नसतील तर विचार करा.

पण याच्याही आधी एक प्रश्न सोडवायला हवा, आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत: बारा दिवसांतले प्रत्यक्ष कामाचे दिवस किती? ॲक्च्युएटर बदलून स्कॅनरने क्लच आणि गिअरचं लर्निंग (नव्या पार्टशी जुळवणी) करणं हे साधारण एक-दीड दिवसाचं काम. बाकीचे दहा दिवस गाडी नुसती शेडमध्ये उभी राहते: आधी कंपनीच्या वॉरंटी अप्रूव्हलची वाट, मग पार्टची वाट. धक्के बसण्यापुरतीच तक्रार असती तर सांगितलं असतं की स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या, पार्ट मागवायला लावा, गाडी घरी आणा आणि पार्ट काउंटरला आल्याचा फोन आला की मगच आत टाका. बारा दिवसांचे दोन झाले असते, आणि दुसऱ्या गाडीचा विषयच निघाला नसता. ज्यांची तक्रार एसीची, पॉवर विंडोची, सस्पेन्शनमधल्या आवाजाची आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा.

तुमच्या बाबतीत तसं करू नका. चालत्या गाडीत गिअर सुटून 'एन' येणं म्हणजे महामार्गावर, मागे उसाचा ट्रॅक्टर किंवा कंटेनर असताना, ओढ एकदम जाणं. पार्ट येईपर्यंत ती गाडी पुणे रोडला नेऊ नका आणि डायलिसिसच्या फेऱ्यांनाही वापरू नका. गाडी वर्कशॉपमध्येच राहू द्या. आणि हेच कारण लेखी द्या, कारण 'गाडी चालवण्यास असुरक्षित' हे जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर बनवतं त्या कामाच्या कागदावर) आलं की तुमच्या मागणीला वजन येतं.

वॉरंटीबद्दल एक सावधगिरी. एएमटीमध्ये ॲक्च्युएटर वेगळा आणि क्लच प्लेट वेगळी. ॲक्च्युएटर सहसा वॉरंटीत बसतो. क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून सहसा बसत नाही. आज 'ॲक्च्युएटर' म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर 'क्लच गेलाय, बिल होईल' म्हणतात, असं घडू शकतं. तसं झालं तर काम वॉरंटीतलं उरत नाही आणि बदली गाडीची बोलणीही ढिली पडतात. म्हणून जॉब कार्डवर आजच तीन गोष्टी लिहून घ्या: स्कॅनरने दाखवलेला फॉल्ट कोड, 'वॉरंटीखाली' हे शब्द, आणि पार्ट ऑर्डर केल्याची तारीख. ही तारीख सर्वांत महत्त्वाची. दहा-बारा दिवस तिच्यापासून मोजायचे, 'बघू मॅडम'पासून नाही.

मग गाडी मागायची कुठे? ॲडव्हायझरकडे नको, त्याच्या हातात ते नसतं. आधी घरी बसून दोन कागद चाळा. एक वॉरंटी पुस्तिका, दुसरा रोडसाइड असिस्टन्सचा, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावरच्या मदतीचा कागद. रोडसाइडच्या योजनेत बिघाडाच्या वेळी टॅक्सी, गाडी अमुक दिवसांहून जास्त अडकली तर पर्यायी वाहन किंवा त्याचा खर्च, अशा सोयी कधी कधी दडलेल्या असतात. सावळेश्वरला बंद पडलेली गाडी रोडसाइडच्या टो व्हॅनने आली असेल, तर त्या कॉलचा नंबर शोधून ठेवा. या सोयी बहुतेकदा त्या कॉलला बांधलेल्या असतात. विम्यात 'डेली अलाउन्स' किंवा 'गॅरेज कॅश' नावाचं ॲड-ऑन असेल तर ते मात्र इथे कामाचं नाही. ते अपघाताच्या क्लेमसाठी असतं, तेही पहिले काही दिवस सोडून आणि ठरावीक दिवसांपर्यंत. यांत्रिक बिघाडाला लागू होत नाही.

कागद पाहून झाले की सर्व्हिस मॅनेजरला ई-मेल करा, व्हॉट्सॲपवरही तेच टाका आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. मजकूर असा ठेवा, उगाच चार ओळी जास्त नकोत:

'जॉब कार्ड क्र. ___, दि. ___. गाडी वॉरंटीत आहे. चालत्या स्थितीत गिअर न्यूट्रल होत असल्याने गाडी वापरण्यास असुरक्षित आहे. पार्ट ऑर्डर दि. ___, अपेक्षित दि. ___. घरात आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसचे रुग्ण आहेत. काम पूर्ण होईपर्यंत नोंदणीकृत व विमा असलेली पर्यायी गाडी विनाभाडे द्यावी. ते शक्य नसल्यास रोजच्या प्रवासाच्या पावत्यांची भरपाई मान्य असल्याचे लेखी कळवावे. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत अपेक्षित.'

दुसरा पर्याय मुद्दाम घातला आहे. डीलरला गाडी देणं जड जातं, कारण डेमो गाड्या दोन-तीनच असतात आणि शनिवार-रविवारी त्या टेस्ट ड्राइव्हला लागतात. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या आधीचा आठवडा असेल तर विचारूच नका. रिक्षा-कॅबची बिलं मान्य करणं त्यांना सोपं जातं. कधी कधी मधला मार्ग निघतो: सोमवार ते शुक्रवार गाडी तुमच्याकडे, शनिवारी सकाळी परत. डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार असेल तर हा मार्ग तुम्हाला सोयीचाच आहे. मंगळवार-गुरुवार-शनिवार असेल तर शनिवारचा प्रश्न आधीच काढा.

गाडी मिळाली, अटी पटल्या, तर चावी घेण्याआधी अर्धा तास हातात ठेवून जा. भर उन्हात पार्किंगमध्ये गाडी बघायला नको वाटतं, पण कडक उन्हातच बंपरवरचे ओरखडे दिसतात. मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा. आधी नंबरप्लेट, मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. मग खाली वाकून पुढच्या बंपरची खालची कड, कारण स्पीड ब्रेकरला तीच घासते आणि परत करताना तीच दाखवली जाते. चारही रिम आणि टायरच्या बाजू. काचेवर वायपरच्या पट्ट्यात खडीचा ठिपका आहे का. डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना. शेवटी इंजिन चालू करून मीटर: किलोमीटर, पेट्रोलच्या रेघा आणि कुठला लाल-पिवळा दिवा पेटलेला राहतो का. व्हिडिओ तिथेच उभं राहून ॲडव्हायझरला पाठवा, म्हणजे वेळ नोंदली जाते.

आरसी, विमा, पीयूसी यांच्या तारखा बघा. कागद मोबाइलवर असले तरी चालतात. विम्याच्या कागदावर मालक म्हणून डीलरच्या कंपनीचं नाव असेल, तर एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. गाडीबरोबर येणारा पंधरा लाखांचा मालक-चालक अपघात विमा व्यक्तीसाठी असतो. मालक कंपनी असेल तर तो नसतो. आणि मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्याला त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३अ खालच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीला गाडीचा विमा आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाला कदाचित काहीच नाही. तुमची किंवा शाळेमार्फतची वैयक्तिक अपघात पॉलिसी चालू आहे का, ते त्या दिवशी बघाच. नसेल तर ही गाडी घेण्याआधी काढा.

करारावर कोण चालवणार त्याचं नाव असतं. तुमचे पती डायलिसिसला नेणार असतील तर त्यांचं नाव आणि लायसन्सही आत्ताच घाला. लायसन्स-आधारच्या झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा: 'फक्त पर्यायी गाडीसाठी', तारीख आणि सही. राज्याबाहेर किंवा ठरावीक किलोमीटरच्या पुढे नेऊ नये अशीही अट असते. सोलापूरकरांना विजापूर आणि कलबुर्गी जवळ वाटतं, पण करारात ते परराज्य आहे. मोहोळची रोजची जा-ये साधारण सत्तर किलोमीटर आहे, म्हणजे पाच दिवसांत साडेतीनशे. मर्यादा दिवसाला पन्नासची असेल तर सही करण्याआधी बदलून घ्या.

मोहोळच्या वाटेवर सावळेश्वरचा टोल आहे. तुमचा फास्टॅग काढून त्यांच्या गाडीत दाखवू नका, तो तुमच्या गाडीच्या नंबराला बांधलेला असतो. त्यांच्या टॅगमध्ये पैसे किती आहेत ते विचारा आणि कापलेला टोल नंतर पावतीवर चुकता करा. ई-चलानचंही असंच: ते नोंदणीकृत मालकाला जातं, महिन्याभरानंतर डीलर तुम्हाला दाखवतो. म्हणून गाडी घेतल्याची आणि दिल्याची तारीखच नाही तर वेळही करारावर हवी. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी घेतलेल्या गाडीचं सकाळी ९चं चलान तुमचं नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे.

पेट्रोल भरताना हमखास होणारी चूक: आपली गाडी पेट्रोलची, दिलेली डेमो गाडी डिझेलची. सवयीने तोंडून 'पेट्रोल' निघतं. चावी घेतल्या घेतल्या टाकीच्या झाकणावरचं स्टिकर बघा. चुकून उलटं भरलंच तर चावी फिरवू नका, सुरूच करू नका, पंपावरूनच डीलरला फोन करा. न चालवता टाकी रिकामी केली तर खर्च आटोक्यात राहतो. इंजिन चालवलं तर इंजेक्टरपर्यंत जातं आणि विमा कंपन्या हे नुकसान सहसा देत नाहीत. ब्लूटूथला फोन जोडलात तर परत करताना यादीतून काढा. नाहीतर तुमचे सगळे फोन नंबर पुढच्या टेस्ट ड्राइव्हवाल्याच्या स्क्रीनवर.

तिकडे तुमची गाडी बारा दिवस त्यांच्याकडे आहे हेही विसरू नका. तिच्या मीटरचा फोटो, पेट्रोलच्या रेघा, आतलं सामान रिकामं, डॅशकॅमचं कार्ड काढलेलं. ट्रायलला चार-सहा किलोमीटर वाढतात, ते ठीक. चाळीस वाढले तर विचारा.

गाडी नाहीच मिळाली तर? शाळेच्या फेरीसाठी एसटी वाईट पर्याय नाही. पुणे आणि पंढरपूरकडच्या गाड्या मोहोळवरून जातात, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. डायलिसिससाठी एकच ओळखीची रिक्षा किंवा कॅब बारा दिवसांसाठी बांधून घ्या. चार तास मशीनवर राहून थकलेल्या माणसाला रस्त्यावर उभं करून गाडी शोधायची वेळ येऊ नये. प्रत्येक फेरीची पावती, नाहीतर यूपीआयची नोंद जपा.

त्या पावत्यांचा पुढे उपयोग होतो. सांगितलेले बारा दिवस उलटले आणि पार्टची नवी तारीखही मिळेना, तर आधी डीलरच्या जनरल मॅनेजरला तक्रार क्रमांकासह लिहा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. त्यानेही हललं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथेच ती दाखल होते, मुदत दोन वर्षं, आणि गाडीची किंमत ५ ते १० लाखांच्या दरम्यान असेल तर फी २०० रुपये. तिथे 'मला फार त्रास झाला' यापेक्षा 'पर्यायी प्रवासाचा खर्च इतका, या बघा पावत्या' हे जास्त चालतं.

आणि शेवटची गोष्ट, घाईत सगळे इथेच चुकतात. 'मॅडम, गाडी तयार आहे' असा फोन आला की आधी आपली गाडी चालवून बघा, मग त्यांची परत करा. एएमटीचा दोष थंड गाडीत लपतो. सकाळी दहाला शोरूमच्या आवारात एक चक्कर मारून काही कळणार नाही. दुपारी एसी चालू ठेवून ॲडव्हायझरला शेजारी बसवा, सात रस्त्याच्या गर्दीत चालू-थांब करत पंधरा मिनिटं काढा, मग पुणे रोडला बाळे ओलांडून दहा-बारा किलोमीटर जा. चढावर थांबवून पुन्हा उचला. रिव्हर्स चार वेळा टाका. धक्का नाही, 'एन' नाही, तर जॉब कार्डवर बदललेल्या पार्टचा नंबर, त्यावरची वॉरंटी आणि 'क्लच लर्निंग केले' ही नोंद घ्या. मग त्यांच्या गाडीभोवती पुन्हा तीच व्हिडिओची फेरी मारा आणि 'गाडी नुकसानीविना परत मिळाली' यावर वेळेसह सही घ्या. संध्याकाळी शोरूम बंद होताना वॉचमनकडे चावी ठेवून येऊ नका. सही होईपर्यंत ती गाडी तुमच्याच जबाबदारीवर आहे. ट्रायलमध्ये एकदा जरी धक्का बसला तर आपली गाडी तिथेच सोडा आणि त्यांचीच घेऊन घरी या.